रक्त की सवय? कर्करोगाचे कोडे उलगडणारे डॉ. खानोलकर

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा असो की वैनगंगेपलीकडचा गडचिरोलीचा मुलूख, पानठेल्यासमोरचे दृश्य सारखेच असते. सुपारीची बारीक कात्रणे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन ठेलेवाला तो घोटत असतो आणि गिऱ्हाईक वाट पाहत उभे असते. हा खर्रा. शेतमजुरापासून शिक्षकापर्यंत आणि शाळकरी पोरापासून म्हातारीपर्यंत कोणालाही तो परका नाही. त्याच्या दुष्परिणामांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. अमक्याचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत राहिले, त्यांना काही झाले नाही. तमक्याचे मात्र चाळिशीतच तोंड उघडेनासे झाले. तेव्हा हा सारा प्रकार तंबाखूचा नसून ज्याच्या त्याच्या रक्ताचा, नशिबाचा आहे, असा त्यातून निष्कर्ष काढला जातो.

हा प्रश्न पानठेल्यावरचा असला तरी क्षुल्लक नाही. विसाव्या शतकात जगातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांना तो पडला होता. कर्करोग माणसाच्या वंशातून येतो की त्याच्या सवयीतून, या प्रश्नाला भारतात प्रथम शिस्तीने हात घातला तो एका मराठी वैद्यकाने. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांना ओळखते. सर्वसामान्य वाचकाला मात्र त्यांचे नाव आज फारसे आठवत नाही.

लंडनहून परळला

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावाचे. वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. त्या काळी परदेशी पदवी घेऊन परतलेला हुशार डॉक्टर सहसा मुंबईत दवाखाना थाटून पैसा आणि प्रतिष्ठा मिळवीत असे. खानोलकरांनी निवडलेला विषय त्या वाटेवरचा नव्हता. विकृतिशास्त्रज्ञाचा रोग्याशी संबंध येतो तो सूक्ष्मदर्शकाखालच्या उतींच्या कापातून किंवा शवविच्छेदनाच्या मेजावर. त्याला रोगी ओळखत नाही आणि रोग्याचे आभारही त्याच्या वाट्याला येत नाहीत.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ टाटा विश्वस्तांनी परळलाच उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन यांची सूत्रे खानोलकरांकडे आली, तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. त्यांच्या आयुष्यातील खरे काम येथून पुढे सुरू होते.

भारतीयांना कर्करोग होतो का?

आज हा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु त्या काळी तो गंभीरपणे विचारला जात असे. कर्करोग हा पाश्चात्त्य, सुधारलेल्या समाजांचा रोग आहे आणि साधेपणाने राहणाऱ्या भारतीयांत तो विरळा आढळतो, असा समज डॉक्टरांतही रूढ होता. १९४५ साली खानोलकरांनी भारतीयांच्या कर्करोगप्रवणतेवर निबंध लिहिला आणि हा समज टिकणारा नाही, हे दाखवून दिले. भारतीय माणूस कर्करोगापासून मुळीच सुरक्षित नव्हता. फरक होता तो रोग शरीरात कोठे घर करतो यात. युरोप-अमेरिकेत जे अवयव सर्रास ग्रासले जात, त्यांहून मुंबईच्या रुग्णांचे चित्र वेगळे होते. येथे तोंड आणि घसा यांचे कर्करोग डोळ्यांत भरण्याइतके अधिक होते.

त्याआधी एका वर्षापूर्वी, १९४४ साली, त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतील एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला होता. लागोपाठ या शब्दाला येथे महत्त्व आहे. निवडक, चमत्कारिक रुग्ण मांडण्याची वैद्यकातील जुनी सवय बाजूला सारून, दाराशी येणारा प्रत्येक रुग्ण मोजायचा ही त्यांची शिस्त होती. रोगी कोणत्या समाजाचा, काय खातो, काय ओढतो, तंबाखूचा बार तोंडात कोठे धरतो, याची नोंद आता रोगनिदानाइतकीच महत्त्वाची ठरली.

तोंडाच्या कर्करोगाचा पान-तंबाखूशी संबंध असावा, असे त्यापूर्वीही काहींच्या लक्षात आले होते. त्रावणकोरातील रुग्णांवरून आय. एम. ऑर या डॉक्टरांनी १९३३ साली तसे लिहिले होते. परंतु संशयाकडून पुराव्याकडे जाण्यासाठी हवी असलेली मोजणी मुंबईत झाली.

रोगाची जागा सांगते सवयीची गोष्ट

मुंबई हे अशा अभ्यासाला विलक्षण अनुकूल शहर होते. कोकणी, घाटी, गुजराती, पारशी, मुसलमान, उत्तरेकडून आलेले गिरणी कामगार असे कितीतरी समाज एकमेकांच्या शेजारी राहत होते. एकच पाणी पीत होते, एकच हवा घेत होते. पण लग्ने आपापल्या जातीतच करीत होते आणि सवयीही आपापल्या पाळत होते. साहजिकच कर्करोगाचे प्रमाण समाजागणिक बदलत होते. पारशी समाजात अग्नी पवित्र मानला जात असल्याने धूम्रपान वर्ज्य; त्यांच्यात तोंड व घशाचे कर्करोग कमी आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक. १९६३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीनेही पुढे हेच दाखवले.

येथेच मोठी मेख होती. समाज बदलला की रक्तही बदलते आणि सवयही बदलते. मग दोष कोणाला द्यायचा? हा गुंता सोडवताना खानोलकरांची नजर रोग नेमक्या कोणत्या जागी होतो, याकडे वळली. सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह १९४५ साली त्यांनी भारतातील रूढींशी निगडित अशा तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेत चुना मळलेला तंबाखू धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच खाचेत कर्करोग होत होता. आंध्रच्या किनारपट्टीवर पेटते टोक तोंडाच्या आत धरून चुट्टा ओढण्याची रीत आहे. तेथे कर्करोग एरवी सहसा न होणाऱ्या जागी, टाळूवर होत होता. तिसरा प्रकार तर तंबाखूशी संबंधित नव्हताच. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्वचेवर जेथे सतत घर्षण होते, तेथेच तो उद्भवत होता.

सगळा दोष रक्ताचा असता तर रोगाला ही अचूक जागा कशी सापडली असती? रक्त साऱ्या देहात एकच वाहते. पण व्रण उठतो तो तंबाखूची गोळी जेथे विसावते तेथे.

डॉ. एल. डी. संघवी आणि राव या सहकाऱ्यांसह खानोलकरांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेला निबंध हा या मालिकेतला महत्त्वाचा टप्पा. कर्करोगाचे रुग्ण आणि तो नसलेले लोक यांच्या सवयींची त्यात आकडेवारीच्या कसोटीवर तुलना केली होती. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी आणि विडी ओढण्याचा जिभेच्या मुळाशी व घशाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी जुळत होता. दोन्ही सवयी असणाऱ्यांना धोका वाढत होता. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली मांडला होता. त्यानंतर पाचच वर्षांत, परळच्या एका प्रयोगशाळेतून, गरिबाच्या विडीचा आणि तंबाखूच्या बाराचा हिशेब जगापुढे आला. ज्या विडीचे पान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात तोडले जाते, पुड्यांत बांधले जाते आणि भंडारा-गोंदियाच्या कारखान्यांकडे जाते, त्याच विडीचा हा हिशेब होता.

वारशाचा शोध

सवयीचा पुरावा इतका स्पष्ट हाती आल्यावर दुसरा एखादा संशोधक वारशाचा प्रश्न सोडून देता. खानोलकरांनी तसे केले नाही. एकाच खोलीत राहणारे, एकाच पुडीतला तंबाखू खाणारे दोन कामगार; त्यांपैकी एकालाच रोग होतो, ही वस्तुस्थिती सवयीने पुरती उलगडत नव्हती.

म्हणून कर्करोगाच्या रुग्णालयात बसून त्यांनी मानवी आनुवंशिकीचे काम उभे केले. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील आपापल्यातच विवाह करणाऱ्या सहा समाजगटांच्या, रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली. हा अभ्यास १९४९-५० च्या सुमारास इंग्लंडमधील मानवी आनुवंशिकीच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय समाजातील जातिगटांचा जनुकीय अंगाने शिस्तीने केलेला हा एक आरंभीचा अभ्यास मानला जातो. शेजारी राहणाऱ्या गटांतही वारसा किती वेगळा असू शकतो, हे त्याने आकड्यांत दाखवले. संघवी पुढे या क्षेत्रात जगन्मान्य झाले.

दुसरी वाट उंदरांची होती. भाऊबहिणींचा संकर पिढ्यान् पिढ्या करून जवळजवळ एकसारखा वारसा असलेले उंदरांचे शुद्ध वंश खानोलकरांनी आपल्या प्रयोगशाळेत जोपासले. काही वंशांतील माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो, काहींना सहसा होत नाही. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी याच कामात, खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली, १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. या उंदरांनी एक मोलाचा धडाही दिला होता. जो रोग केवळ वंशातून उतरतो असे वाटत होते, त्याचा एक घटक आईच्या दुधातून पिलात जातो, हे अमेरिकेत १९३६ साली बिटनर यांनी दाखवले होते. तो घटक विषाणू असल्याचे नंतर स्पष्ट झाले. घराण्यात चालत आलेले सारेच जनुकांतले असते असे नाही. पोंभुर्ण्याच्या एखाद्या घरात तीन पिढ्यांना मुखकर्करोग झाला, तर त्या घरात जनुके वारशाने आली असतील, तशी तंबाखूची डबीही आलेली असते.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हा वाद जगभर पेटला. आधुनिक संख्याशास्त्राचे एक प्रमुख शिल्पकार रोनाल्ड फिशर यांनी असा पक्ष घेतला, की धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एकाच वारशाची फळे असू शकतील. म्हणून धुराला दोष देणे घाईचे ठरेल. फिशर यांची बुद्धी निर्विवाद होती, पण या प्रश्नात काळाने त्यांना चुकीचे ठरवले. चुट्ट्याचा टाळूवरचा कर्करोग आणि बाराचा ओठाच्या खाचेतला कर्करोग यांना त्यांच्या तर्कात जागा नव्हती. खानोलकरांच्या कामाचे मोठेपण असे, की वारसा मोजण्याची साधने हाती असूनही त्यांनी वारशाला सवयीची ढाल होऊ दिले नाही आणि सवय सिद्ध झाली म्हणून वारसा नाकारलाही नाही.

संस्थांचा शिल्पकार

१९४९ साली देशातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली आणि खानोलकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५२ साली केंद्र सरकारने परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू केले. त्याचे ते संस्थापक-संचालक होते. या केंद्रात त्यांनी भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, आनुवंशिकी अशा नाना शाखांच्या तरुणांना एकत्र आणले. त्यांत स्त्रियांची संख्या त्या काळाच्या मानाने लक्षणीय होती. कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील उतींवरही त्यांनी मूलभूत काम केले.

पुढे मान-सन्मान आले. पद्मभूषण किताब, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनाच्या वेळी देशाची स्थिती मात्र खिन्न करणारी होती. तीन वर्षांपूर्वीच, १९७५ साली, तंबाखूविषयी पहिला महत्त्वाचा केंद्रीय कायदा झाला होता. त्याने वैधानिक इशारा सक्तीचा केला तो फक्त सिगारेटच्या पाकिटावर. विडी आणि खाण्याचा तंबाखू, म्हणजे ज्यांच्याविषयी खानोलकरांनी १९४४ पासून पुरावा मांडला होता, ती दोन्ही त्या कायद्याबाहेर राहिली. सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा कायदा यायला २००३ साल उजाडले आणि पाकिटांवर चित्ररूप इशारे दिसू लागले ते २००९ पासून. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. पहिला हजार रुग्णांचा आढावा आणि हे निर्णय यांच्या मध्ये दोन-तीन पिढ्या तंबाखू खात मोठ्या झाल्या.

जनुके काय सांगतात?

जी साधने खानोलकरांपाशी नव्हती, ती पुढच्या पिढीच्या हाती आली. तंबाखूतील नायट्रोसमाइन जातीची रसायने स्वतः जेवढी घातक नसतात, त्याहून अधिक घातक रूप त्यांना शरीरात मिळते. काही विकरे त्यांना असे क्रियाशील करतात, की ती पेशीतील डीएनएला चिकटून त्यात चुका घडवतात. दुसरी काही विकरे विषारी द्रव्यांना निष्प्रभ करून बाहेर काढण्याच्या कामी येतात. पेशीपाशी डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणाही असते. या तिन्ही कामांची जनुके माणसागणिक थोडीथोडी वेगळी असतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जीएसटीएम-१ हे जनुक. ते विषनिवारक विकर बनवते. पण अनेक भारतीयांत त्याच्या दोन्ही प्रती जन्मतःच गैरहजर असतात. एरवी त्यामुळे काहीच बिघडत नाही. खानोलकरांच्याच केंद्रातून विकसित झालेल्या मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवले, की हे जनुक नसलेल्यांत मुखकर्करोगाचा धोका अधिक असतो. टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी अलीकडे गालाच्या आतील अस्तराच्या कर्करोगासाठी संपूर्ण जनुकसंच धुंडाळला. वारशाने अधिक जोखीम असलेल्या तंबाखू खाणाऱ्यांना हा रोग इतरांपेक्षा काही वर्षे आधीच गाठतो, असे त्यातून दिसले.

विदर्भातील वाचकाला हा फरक सिकलसेलच्या उदाहरणाने नेमका कळेल. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली केली होती. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले, की सिकलसेलचा आजार होतोच. त्याला कोणत्याही व्यसनाची गरज लागत नाही. तंबाखूच्या कर्करोगाचे तसे नाही. येथे अनेक जनुकांचे लहानलहान फरक एकत्र येतात आणि तंबाखूने केलेल्या इजेची भर पडली की जोखीम गुणाकाराने वाढते. जनुक प्रतिकूल असूनही ज्याने तंबाखूला हात लावला नाही, त्याला मुखकर्करोगाचा धोका फार कमी. अनुकूल जनुके असणाऱ्याचा धोका तंबाखूने वाढतोच. फक्त कदाचित उशिरा फळतो.

खर्ऱ्याची गोष्ट याहून बिकट आहे, कारण त्यात तंबाखूच्या जोडीला सुपारी आहे. केवळ सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीमुळे तोंडाचे अस्तर ताठर होते आणि जबडा उघडेनासा होतो. हे दुखणे कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. पानठेल्यावरच्या त्या चाळिशीतल्या माणसाला नेमके हेच झालेले असते.

आजोबांचा पुरावा

महाराष्ट्रात २००९-१० साली प्रौढांपैकी ३१.४ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. घट समाधानाची, परंतु दर चार प्रौढांमागे एक हे प्रमाण लहान नव्हे. शेजारच्या गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावोगाव दारू आणि तंबाखू यांविरुद्ध काम उभे केले, ते याच गरजेतून.

राहता राहिले ते नव्वदीतले आजोबा. ते खोटे नाहीत. त्यांच्या वाट्याला बहुधा अनुकूल जनुकांचा वारसा आला आणि दैवाचीही साथ मिळाली. परंतु खानोलकरांनी हजार रुग्ण लागोपाठ मोजले ते याचसाठी, की एका वाचलेल्यावरून नियम बांधता येत नाही; जे वाचले नाहीत ते ठेल्यावर बोलायला येत नाहीत. शिवाय आजोबांची जनुके नातवाला जशीच्या तशी मिळत नाहीत. निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून येतात. एका आजोबांचा वाटा त्यात साधारण चौथाईच असतो. त्यांतली कोणती आली, हे पन्नी हातात घेणाऱ्या तरुणाला ठाऊक नसते, आणि ते सांगणारी कोणतीही तपासणी त्याला तंबाखू खाण्याचा निर्धोक परवाना देऊ शकत नाही.

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलातील एका इमारतीला खानोलकर शोधिका हे नाव आहे. तेथे आज रक्ताच्या थेंबातून जनुके वाचली जातात. रक्त की सवय, हा परळमधला जुना प्रश्न तेथे आता रक्त आणि सवय एकमेकांशी कसे वागतात, असा विचारला जातो. त्यांपैकी रक्त बदलणे अद्याप कोणाच्या हाती नाही. पोंभुर्ण्याच्या पानठेल्यावर हात आखडता घेणे मात्र शक्य आहे, आणि ते जितक्या कमी वयात घडेल तितके त्या घराच्या भल्याचे आहे.